शेवटचा गुंता

एका राज्यात साळुंक्या बोलत आणि मांत्रिक बाजारात भाजी घ्यायला येत. कुणाला त्याचं नवल नसे. तिथला राजपुत्र चित्रसेन भारी खोडकर. एकदा काळकेतू मांत्रिक देवळाच्या ओट्यावर घोरत पडला होता, तर या पठ्ठ्यानं कात्री घेऊन त्याची जटाच उडवली! मांत्रिक उठला आणि कडाडला, "केसांची थट्टा करतोस? जा, केसांतच हरवशील!" झालं. राजपुत्राचा लांब कानांचा, केसाळ कुत्रा झाला. डोळे केसांनी पुरते झाकले की तो माणूसपण विसरणार होता.

राजानं न्हावी बोलावले. त्यांनी सपासप कात्री चालवली. सकाळी पाहतात तो केस दुप्पट! कुत्रा आता राजालाही ओळखेना. थोरली बहीण मंदाकिनी तेवढी त्याला आठवत होती. राणी तर केव्हाच देवाघरी गेली होती.

मग राणीची म्हातारी साळुंकी बोलली, "राजकन्ये, कात्री ठेव. कान, डोळे, टाळू. तिन्ही मोकळे कर, घरच्या अंगणात, घरच्या हातानं. पण मान त्यानं आपणहून द्यायला हवी."

मंदाकिनी आईची शिसवी फणी घेऊन अंगणात बसली. घाईघाईत तिनं कानामागचा गुंता मुळापासूनच ओढला. कुत्रा केकाटला आणि कडकडून चावला. "अरे, मी ताई!" ती म्हणाली. त्यानं परक्यासारखं पाहिलं. तिला रडूच कोसळलं.

रडता रडता तिला लहानपणीचे न्हाण्याचे दिवस आठवले. आई दोघांना पुढ्यात घ्यायची. केस मुळाशी घट्ट धरायची, म्हणजे ओढ लागत नसे, आणि शेंड्याकडून सोडवत वर जायची. शिकेकाईचा वास, पाठीवर ऊन, आईचे बांगड्यांचे हात... काय दिवस होते ते!

तिनं तसंच केलं. शेंड्याकडून विंचरत कान सोडवले, आतले केस बाजूला सारून वारा लागू दिला. कोमट पाण्यात फडकं भिजवून डोळ्यांच्या कोपऱ्यांतली चिपडं पुसली, झुलपं मागं सारली. टाळूवरचे मेलेले केस चिमटीनं अलगद काढले. तेवढ्यात कुत्रा कंटाळला, उठून निघाला.

"बस रे सोन्या," तिच्या तोंडून गेलं, "हा शेवटचा गुंता. अगदी शेवटचा."

कुत्रा थबकला. माघारी आला आणि त्यानं आपणहून तिच्या मांडीवर मान टाकली. तिनं फणी फिरवली.

"खोटं!" मांडीवरून आवाज आला. "आईपण असंच म्हणायची, आणि मग ढीगभर निघायचे!"

मांडीवर चित्रसेनाचं डोकं होतं. राजानं नगारे वाजवले, राजपुत्रानं काळकेतूचे पाय धरून क्षमा मागितली, आणि मांत्रिक पुन्हा भाजी घ्यायला येऊ लागला.

पण त्या दुपारी चित्रसेन जागचा हलला नव्हता. "ताई, थांबू नकोस ना. अजून असतील."

गुंता एकही उरला नव्हता. तरी ती विंचरत राहिली.