चाळीस म्हशींचं शेण

बोरवंडच्या रंगराव इनामदारांच्या गोठ्यात चाळीस म्हशी होत्या. गोठा उंचावर आणि खाली तानुबाईचं वावर, त्यामुळे शेणामुताचा पाट थेट तिच्या विहिरीत उतरे. पाण्यात किडे पडले, तिची सून तापानं अंथरुणाला खिळली. तानुबाई दोनदा वाड्यावर जाऊन सांगून आली, पण कुणी दाद दिली नाही. शेवटी मामलेदार गावात आले, तेव्हा ती चावडीवर जाऊन उभी राहिली.

इनामदार मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "साहेब, म्हैस माझी, हे मला कबूल. पण म्हशीच्या अंगातून जे बाहेर पडलं, त्यावर माझी मालकी कसली? ते जिथं जाऊन पडेल, तिथल्या मालकानं त्याचं बघावं."

चावडीवर सारा गाव जमला होता, पण इनामदारांना उलट बोलणार कोण?

तानुबाईनं पदर सावरला आणि शांतपणे विचारलं, "साहेब, हाच नियम ठरला का? तसं असेल तर उद्या पहाटे मी चरवी घेऊन गोठ्यात जाते. दूधही म्हशीच्या अंगातूनच बाहेर पडतं. माझ्या चरवीत पडलं की ते माझं."

आधी मामलेदार हसले, मग सगळी चावडी हसली.

मामलेदारांनी तिथंच हुकूम लिहिला. आठ दिवसांत इनामदारांनी स्वतःच्या जमिनीत शेणखड्डा खणला आणि त्यांच्याच गड्यांनी तानुबाईची विहीर उपसून दिली. नव्या पाण्याचा पहिला तांब्या तिनं सुनेला पाजला.