सात हातांवरचा जाळ

नदीच्या वळणावर एक टुमदार गाव होतं. तिथे एक बुरूड राहायचा आणि कुडाच्या पलीकडे एक पापडवाली काकू. दोघांच्या मधला कूड एकच आणि भांडणही एकच, धुराचं.

बांबूची कांब वाकवायची तर आधी ती शेकावी लागते. म्हणून बुरूड रोज सकाळी कुडाशेजारी खड्ड्यात जाळ करायचा. नेमके तेव्हाच काकूचे पापड खाटेवर वाळत असायचे. राखेचा कण उडाला, की काकूचा तोंडाचा पट्टा सुरू. बुरूडही मिठाची गुळणी धरून बसणाऱ्यातला नव्हता.

शेवटी काकू पाटलाकडे गेली. पाटलाने गावचा जुना नियम सांगितला, "परसातला जाळ कुडापासून सात हात लांब. मोडेल त्याने महिनाभर चावडी झाडायची."

"सात हात, पण कुणाचे?" बुरुडाने विचारलं.

"माझे," पाटील म्हणाला आणि आपल्या लांबलचक हातांनी अंतर मोजून मोकळा झाला. नवा खड्डा बुरुडाच्याच परसातल्या फणसापाशी आला.

आता सुख लागावं की नाही? पण धूर दुप्पट झाला. काकू डोळे पुसत कुडाशी आली, की बुरूड मिशीत हसायचा. "मी नियमात आहे हो काकू! नियम कुणी आणला?"

एकदा मात्र काकू भांडलीच नाही. कुडाशी उभी राहून म्हणाली, "दादा, चार दिवसांवर लेकीचं लग्न आलंय. पापडांना धुराचा वास लागलाय. व्याह्यांच्या पानात काय वाढू रे मी?" एवढं बोलून ती आत गेली.

बुरुडाचं हसू मावळलं. शिव्या त्याला पचायच्या, हे पचेना. शिवाय एक कोडं डोक्यात भुणभुणायला लागलं. जाळ लांब गेला, मग धूर जवळ कसा आला? काकू वाढवून तर सांगत नाही ना?

इतकी वर्षं शेजारी राहून तो कधी काकूच्या परसात गेला नव्हता. त्या दिवशी गेला. खाटेशेजारी उभा राहून आपल्याच जाळाकडे बघू लागला. धूर सरळ वर चढत होता, फणसाच्या दाट फांद्यांना अडत होता आणि खाली वळून थेट पापडांवर उतरत होता. बुरुडाला ठसका लागला.

"काकू, बाहेर या! चूक तुमची नाही, माझी नाही, फणसाची आहे!"

काकूनेही पाहिलं. मग बुरूड धुमसती पेंढी घेऊन आपल्या परसात फिरू लागला आणि काकू इकडून सांगू लागली, "पुढे ये... अजून पुढे... हां, इथला धूर सरळ जातोय बघ." ती जागा जुन्या खड्ड्यापासून बाजूला, कुडाच्या दुसऱ्या टोकाला होती, पण कुडापासून जेमतेम दोन हातांवर.

बुरुडाने कुडाकडे पाहिलं.

"नियम मोडतोय," बुरूड म्हणाला.

काकूने पापडांकडे पाहिलं. "पेटव तू. नवे पापड लाटायला घेते मी."

गावात चहाड्या करणारे काय कमी असतात? दुसऱ्याच सकाळी पाटील काठी आपटत आला. "दोन हातांवर जाळ? कुणाचा हा?"

"माझा," बुरूड म्हणाला. "चावडी मी झाडेन."

"त्याचं ऐकू नका," काकू पिठाच्या हातांनी धावत आली. "खड्डा त्याचा असेल, पण जाळ माझा आहे. जागा मीच दाखवली. झाडू माझ्या हातात द्या."

पाटील चक्रावला. धुराच्या शेकडो तक्रारी त्याने ऐकल्या होत्या, पण धूर स्वतःचा म्हणणारा माणूस त्याला आजवर भेटला नव्हता. इथे तर एकदम दोन! त्यालाही राहवेना. तो काकूच्या परसात गेला, खाटेशेजारी उभा राहिला आणि मान वर करून सरळ वर जाणारा धूर बराच वेळ बघत राहिला.

"नियम मोडलाय, तेव्हा लग्न उरकलं की चावडी दोघांनी मिळून झाडायची," तो म्हणाला. "आणि आजपासून गावाचा नियम असा, की ज्याला जाळ करायचाय त्याने आधी शेजाऱ्याच्या परसात उभं राहून यायचं. हात मोजायचे ते त्यानंतर."

तात्पर्य एवढंच: नियम पाळला म्हणजे शेजारधर्म पाळला असं नाही, आपला धूर कुठे जातो, ते शेजाऱ्याच्या दारातूनच दिसतं.