दोन डोक्यांचा सिंह आणि नकाशातले तळे

एकदा एक शिष्य आपल्या पहिल्यावहिल्या नकाशावर इतका खूश झाला, की त्याला तहानभुकेचेही भान राहिले नाही. ही गोष्ट फार प्राचीन, दोन नद्यांमधल्या देशातली. कागद तिथे कोणी पाहिला नव्हता. अख्खी पृथ्वी ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने कोरायची, उन्हात वाळवायची आणि विकायची. मध्यभागी अर्थातच आपले नगर. बाकी जगाने कडेकडेने बसावे!

वाळवंटापलीकडची जागा मात्र रिकामी राहत होती. तिकडे कोणी गेलेच नव्हते. शिष्याला ती टकलासारखी चकाकताना दिसू लागली. शेवटी न राहवून त्याने तिथे एक सुबक तळे काढले, काठाला खजुरीची झाडेही लावली.

तेवढ्यात नकाशा घ्यायला एक व्यापारी आला. दुसऱ्या दिवशी त्याचा तांडा त्याच वाटेने निघणार होता. तळे पाहून त्याची कळी खुलली. "वा! मग पाण्याच्या अर्ध्या पखाली घरीच ठेवतो. तेवढाच माल जास्त लादता येईल."

कोपऱ्यात डुलक्या घेणारे वृद्ध गुरुजी ताडकन उठले. पाटी अजून ओलीच होती. त्यांनी तळ्यावरून अंगठा फिरवला आणि त्या जागी दोन डोक्यांचा, शिंगे असलेला सिंह कोरला. वर शेपटीला विंचवाची नांगी.

"अहो, हे काय?" व्यापारी मागे सरकला.

"याच्या मुलखात पाणी शोधत हिंडायची सोय नाही, शेठजी. आपलं पाणी आपल्याबरोबर न्या."

व्यापाऱ्याने घरच्या साऱ्या पखाली भरल्या, शेजाऱ्यांच्याही मागून आणल्या.

तो निघून जाताच शिष्य उसळला, "माझं तळं खोटं, आणि तुमचा सिंह तेवढा खरा?"

"दोन्ही खोटं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तिथं काय आहे, मलाही ठाऊक नाही. पण 'ठाऊक नाही' असं लिहिलेला नकाशा घेतो कोण? आणि जागा कोरी सोडली, तर माणूस तिथं आपल्या सोयीचं तळं मनातच खणतो. म्हणून मी माझ्या अज्ञानाला शिंगं लावतो, बाळा. तुझ्या तळ्यानं तो निर्धास्त झाला होता, माझ्या सिंहानं सावध झाला. नांगी जरा जास्त झाली, हे मान्य."

शिष्याला काही ते पटले नाही.

कित्येक महिन्यांनी तांडा परतला. ओठ फुटलेला, निम्मा झालेला व्यापारी उंटावरूनच ओरडला, "गुरुजी, पाहिला तुमचा सिंह! दोन डोकी कसली, तीन होती!"

सारी गल्ली गोळा झाली. शिष्याचे लक्ष मात्र उंटांच्या कुशींवर होते. तिथे सगळ्याच्या सगळ्या पखाली सुकून, चुरगळून लोंबत होत्या. तो आत गेला आणि भरलेला घडा घेऊन आला.

"आधी पाणी घ्या, शेठजी," तो म्हणाला. "तिसरं डोकं मग सांगा."