हिरूबाईचा रांजण

सांभाळून उतरा पाहुणे, कातळ निसरडा आहे. हा खळगा बघा, दोन पुरुष खोल. आत छिन्नीचा एक घाव सापडायचा नाही. चैत्रात सगळी नदी कोरडी ठणठणीत पडते, पण याचं पाणी आटत नाही.

फार जुनी गोष्ट सांगतात. तेव्हा खालच्या वस्तीला पाणी मिळे ते वरच्या आळीच्या विहिरीवर, तेही पाटलाची मर्जी असेल तर. एका चैत्रात खालची हिरूबाई तापानं फणफणलेल्या लेकीसाठी घागर घेऊन गेली. पाटील म्हणे पायरीवरच बसला होता. म्हणाला, "नदीतला कातळ रांजण होऊ दे, मग तिथनंच भर." घागर रिकामी परत आली. दिवस मावळायच्या आत लेक गेली.

हिरूबाई रडली नाही म्हणतात. मला नाही पटत, आईच ती. पण तिनं या कातळावर उभं राहून शपथ घेतली, की त्या विहिरीचं पाणी ओठाला लावणार नाही. चैत्रात पाणी प्यायची ती कोसभर लांबच्या झऱ्याचं, वाळू उपसून.

इथं तेव्हा परातीएवढा खोलगट भाग होता. पुराचं पाणी त्यात गरगरा फिरे, अन् पाण्याबरोबर खडे. ते तिनं हेरलं. मृगाआधी तिनं काठावरचा एक गोटा आत टाकला. पूर ओसरल्यावर बघते तर गोट्याचं पीठ झालेलं, कातळ जसाच्या तसा. लोक हसले, बाईचं डोकं फिरलं म्हणाले. पुढल्या वर्षी तिनं डोंगर पालथा घातला आणि टणक गारगोटी आणली. ती झिजून सुपारीएवढी झाली, पण कातळ बोटभर खाली गेला. हत्तीनं हलायचा नाही असा कातळ, तो पाण्यानं आणि एका खड्यानं खाल्ला. हिरूबाई त्यात बोट घालून कितीतरी वेळ बसून राहिली.

मग दरसाल नवी गारगोटी. असे चाळीस पावसाळे गेले. खळगा खोल होई, पण चैत्राच्या आत आटून जाई.

शेवटी ती अंथरुणाला खिळली, तीही चैत्रातच. घशाला कोरड पडली होती. सून गौरा तांब्या घेऊन आली.

"कुठलं गं?"

गौराची नजर वरच्या आळीकडं गेली. हिरूबाईनं तोंड फिरवलं. तशी गौरा तडक नदीवर धावली, खळग्यात उतरली, हातानं वाळू उकरली. तळाला ओंजळभर पाणी होतं. पदर भिजवून तिनं ते आणलं आणि सासूच्या तोंडात पिळलं. एक घोट गिळून हिरूबाईनं तिचा हात अडवला.

"आता पोरीला दे," म्हणाली. तेवढंच. मग प्राण गेला.

वरची विहीर पुढे कधीतरी बुजली. आजही गावात नवी सून आली की मृगाआधी खळग्यात गारगोटी टाकते आणि झिजलेली जुनी देव्हाऱ्यात ठेवते. पुराच्या दिवसांत इथं उभं राहिलं की खालून जात्यासारखी घरघर ऐकू येते. त्या पोरीचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. पण चैत्रात घागर भरायला वरच्या आळीची बाई येवो की खालची, आधी एक ओंजळ कातळावर सोडते. ती त्या पोरीची.