टिंबूचं कवच

फार पूर्वी, खाडीच्या चिखलात अजून माणसाचा पाय पडला नव्हता, तेव्हा तिथे शेवंती नावाची खेकडी राहायची. तिची पाच पिल्लं बगळ्याने नेली होती. उरला होता एकटा टिंबू. एका सकाळी त्याने जुनं कवच टाकलं आणि लोण्यासारखं मऊ अंग घेऊन तो बिळात पडून राहिला. बगळा आता याला एका टोच्यात नेईल, असं शेवंतीला वाटलं.

ती गोगलगाय आत्याकडे चुना मागायला धावली.

"अगं, चुना त्याच्या अंगातच आहे," आत्या म्हणाली. "तो चुना ओला आहे तोवर पोराला फुगू दे. चार दिवस दम धर, कवच आपोआप घट्ट होईल. एकदा चुन्याचा खडा झाला की मग काही करता येत नाही."

"तुम्हाला सांगायला काय जातंय? तुम्ही घर पाठीवर घेऊनच जन्मलात."

"बरं बाई, ने. पोराची मूर्ती कर आणि देव्हाऱ्यात बसव."

शेवंतीने आत्याने दिलेली शिंपल्यांची पूड घोटून टिंबूला त्याच ओहोटीत तीन थर दिले. चुना कडकडीत वाळला.

तिसऱ्या दिवशी बगळा आला. टोचून टोचून त्याची चोच दुखली, तसा तो निघून गेला. शेवंती खाडीभर सांगत सुटली.

परतली, तर टिंबू म्हणाला, "आई, मी आत वाढतोय गं. जरा सैल कर ना."

ती खरवडू लागली. खरवडता खरवडता तिची एक नांगी मोडली. चुना तिने कुठेच कच्चा ठेवला नव्हता.

भरती आली तोवर टिंबूची हाक थांबली होती. शेवंती मात्र उरलेल्या नांगीने त्याच्या पाठीवर चीर शोधत होती.