काचेपुरतं खरं

"म्हणजे तुम्ही लिहून देणार की नाही, चाचा? तेवढंच सांगा."

दस्तगीरचाचांचे हात चालूच होते.

पिंपावर घट्ट बसवलेली काचेची जाड चकती, तिच्यावर दुसरी, मध्ये पाण्यात कालवलेली कुरुंद दगडाची भुकटी. चार वेळा मागे-पुढे, की एक पाऊल बाजूला. पुन्हा चार वेळा, पुन्हा एक पाऊल. असं पिंपाभोवती चालत चालत महिना-दीड महिन्यात दुर्बिणीचा एक आरसा तयार व्हायचा, आणि मग कुणाच्या तरी गच्चीवर शनीची कडी दिसायची.

मिरजेतलं शिकलगारांचं घर. वाडवडिलांनी तलवारींना धार लावली. चाचा काच घासत होते, त्यालाही आता चाळीस वर्षं झाली होती.

सुचेता आवटी दारातच उभी होती. चपला काढू की नको, हे तिचं ठरत नव्हतं.

सोळा वर्षांपूर्वी, कॉलेजात शिकत असताना, ती याच खोलीत तीन महिने पिंपाभोवती फिरली होती. स्वतःच्या हातानं पहिला आरसा घासला होता. आता ती सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाची अध्यक्ष होती, तीन जिल्ह्यांत तिची व्याख्यानं व्हायची. व्याख्यानात ती चाचांचं नाव घ्यायची. घरी मात्र चार वर्षांत फिरकली नव्हती.

"बस," चाचा म्हणाले.

ती बसली नाही.

"एका ओळीचं पत्र आहे. ग्रहणाच्या दिवशी फुटलेली काच मुळातच सदोष होती, एवढंच. कॉलेजनं चौकशी समिती नेमलीय. सोमवारी शेवटची बैठक. काचेबद्दल तुमचा शब्द सगळे मानतात. तुमचं पत्र आलं की प्रकरण मिटेल. मला मिटवायलाच हवंय, पंधरा तारखेला माझं विमान आहे."

"कुठं?"

आता मात्र ती खोलीत आली.

परदेशात एका वाळवंटात मंगळावरच्यासारखं घर बांधलं होतं. त्यात सहा जणांनी दहा महिने राहायचं. बाहेर पडायचं तर अंतराळवीराचा पोशाख चढवून. मोजकं पाणी, डब्यातलं अन्न, बाहेरच्या जगाशी बोलणं नाही. माणूस खरोखर मंगळावर जाईल तेव्हा त्याचं काय होईल, ते आधी इथे बघायचं. चौदाशे अर्जांतून तिची निवड झाली होती.

"आमच्या मंडळात नेहमी हा विषय निघतो, चाचा. गच्चीवर दुर्बीण लावलेली असते, मंगळ वर आलेला असतो, आणि कुणीतरी विचारतंच, फक्त जायचं तिकीट मिळालं, परतीचं नाही, तर कोण कोण जाईल? सगळे हसतात. एकाला आईच्या हातची भाकरी आठवते, एकाला कर्जाचे हप्ते. माझा हात पहिला वर असतो."

"परत यायचं नसलं तरी?"

"तरी."

मग ती म्हणाली, "आता तर जास्तच."

चाचांनी हात थांबवले. पाण्याच्या बादलीत बुचकळून धुतले, लुंगीला पुसले.

"काच आणलीस?"

तिनं पर्समधून कागदाची पुडी काढली. आत गडद हिरव्या काचेचे दोन तुकडे. दोन्ही मिळून रुपयाएवढी चकती झाली असती.

चाचांनी तुकडे उजेडात धरले. कडेवरून अंगठा फिरवला.

"ही डोळ्याकडच्या भिंगावर लावायची काच आहे."

"हो... दुर्बिणीच्या खोक्यातच आली होती."

"मी तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

तिला ते पाठ होतं. मंडळातल्या नव्या पोरांना ती स्वतः हेच वाक्य ऐकवायची. सूर्य बघायचा तर काच दुर्बिणीच्या तोंडाशी, डोळ्याशी कधीच नाही. भिंगातून गोळा झालेलं ऊन काच तडकवतं.

"तोंडाशी लावायची फिल्म पिशवीत होती, चाचा. पण तिच्यातून सूर्य फिक्कट दिसतो, अगदीच मिळमिळीत. पेपरवाले आले होते. ह्या काचेतून कसा दिसतो माहितेय? पाचूसारखा. कडा अशी धारदार. म्हटलं, दहा मिनिटांचा तर प्रश्न..."

तिनं वाक्य तिथेच सोडलं.

ग्रहण दाखवायला ती गेली होती ते गाव जतच्या वाटेवर, उजाड माळावर होतं. ग्रहण लागलं की सगळ्या गावाची दारं बंद. सुचेतानं मनावर घेतलं होतं, या गावाला ग्रहण दाखवायचंच. आदल्या आठवड्यात ती सिद्राम शिंप्याच्या दुकानात जाऊन बसली. साठीचा माणूस. त्याची शिलाई सरळ आणि बोलणंही सरळ, म्हणून गावात त्याच्या शब्दाला वजन. ती त्याला म्हणाली होती, 'अण्णा, तुम्ही आलात की गाव येईल.'

तो आला. धुवट पांढरा सदरा घालून, सकाळी नऊच्या आधी शाळेच्या मैदानावर हजर. त्याच्यामागून तीस-चाळीस माणसं आली. दुर्बिणीतून बघायचा पहिला मान त्याला दिला.

त्याच्या उजव्या डोळ्याच्या मधोमध आता एक काळा डाग होता. बघेल तिथे डाग. डॉक्टरांनी सांगितलं, हा जायचा नाही.

"त्याचं दुकान?" चाचांनी विचारलं.

"चालू आहे म्हणतात. सुईत दोरा ओवून द्यायला सून बसते. शिलाई वाकडी जाते, म्हणून लोक आता... जतला जातात."

चाचांनी तुकडे पुन्हा पुडीत गुंडाळले.

"चाचा, ते कुणाच्याच हातात नव्हतं. मी माइकवर बोलत होते. काच कधी तडकली कळलंच नाही. आवाजसुद्धा आला नाही. आवाज आला असता तर मी त्यांना तत्क्षणी बाजूला ओढलं असतं. समितीलाही मी हेच सांगितलंय."

"हं."

कोपऱ्यातल्या स्टोव्हवर राळ वितळत ठेवली होती. आरशाला चकाकी आणायला ती लागते. चाचा तिकडे गेले आणि तिच्याकडे पाठ करून पातेल्यात काडी फिरवू लागले.

"त्या दिवशी माइकवर काय सांगत होतीस?"

"मंगळाबद्दल. लोकांना त्याचंच कुतूहल असतं."

"मलाही सांग."

तिला ते विचित्र वाटलं, पण बोलणं हा तिचा हातखंडा होता. ती सुरू झाली. मंगळावरून बघितला तर सूर्य किती लहान दिसेल. तिथलं आकाश संध्याकाळी निळसर कसं होतं. तिथे जायला सात महिने लागतील, आणि त्या सात महिन्यांत माणसाला खिडकीतून पृथ्वी लहान लहान होत जाताना दिसेल. आवाजाला लय आली. हात हलू लागले.

"आणि शेवटी ती इतकी लहान होईल, की इतर ताऱ्यांमधून ती ओळखायला..."

टिक्.

एवढासाच आवाज. हरभरा फुटावा तसा.

सुचेता गर्रकन वळली. तिचा हात पुढे गेला होता, बोटं पसरली होती, कुणाचा तरी खांदा धरून मागे ओढावं तशी.

समोर चाचांशिवाय कुणीच नव्हतं.

स्टोव्हच्या तापलेल्या कडेवर काचेचा एक साधा तुकडा होता. चाचांनी कधी ठेवला, तिला दिसलं नव्हतं. त्याला उभी चीर गेली होती.

चाचांनी स्टोव्ह बंद केला. खोली एकदम शांत झाली.

"आज वाक्य अर्धं सोडलंस," ते म्हणाले. "त्या दिवशी आवाज आल्यावर किती पूर्ण केलीस?"

ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. चपला तिच्या पायांतच होत्या.

"दोन," ती म्हणाली.

चाचा स्टुलावर बसले.

"आवाज आला. मला वाटलं, नळी तापली असेल. नाही... तेही खरं नाही. मला कळलं होतं. पण लोक ऐकत होते, चाचा. ज्या गावात ग्रहणात कुणी पाणी पीत नाही, त्या गावातली माणसं मान वर करून ऐकत होती. फोटोवाला समोर होता. म्हटलं, एवढं वाक्य संपवू..."

"आणि तो?"

तीन महिने हे सुचेतानं कुणालाच सांगितलं नव्हतं. एकटी असतानाही ती मनातल्या मनात इथवर येऊन मागे फिरायची.

"अण्णा म्हणाले... 'ताई, मधोमध पांढरी रेघ दिसतीया.' डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, चाचा. जळत असतानाही दुखत नाही. त्यांना वाटलं, तेच बघायचं असतं. ती रेघ बघायलाच त्यांना बोलावलंय."

"तू काय म्हणालीस?"

"माइकवरून म्हणाले, 'शाबास अण्णा. नीट बघा.'"

बाहेरून हातगाडी गेली. भाजीवाल्याची हाक आळीच्या टोकापर्यंत जाऊन विरली. चाचा मांडीवर हात ठेवून बसून होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सुचेताला बरं वाटलं असतं.

"गाव काय म्हणतं?" त्यांनी विचारलं.

"गाव..." ती हसल्यासारखी झाली. "गाव म्हणतं, ग्रहण बघितलं म्हणून डोळा गेला. राहूनं नेला. मी दवाखान्यात भेटायला गेले होते. अण्णांनी माझा हात धरला. म्हणाले, 'ताई, तुमचा काय दोस न्हाई. म्हाताऱ्यांनी सांगितलं हुतं, मीच ऐकलं न्हाई. गिराणाचाच दोस ना ह्यो?'"

"मग?"

"मी काहीच बोलले नाही."

चाचांनी डोळे मिटले.

"आयुष्यभर मी ह्याच्याविरुद्ध बोलत आले, चाचा. राहू नाही, केतू नाही, सावल्या आहेत नुसत्या. आणि त्या दिवशी... मला राहू सोयीचा पडला. अण्णांच्या सुनेला दिवस गेलेत. त्या पोरीला आता साध्या अमावास्येलाही खोलीत कोंडून ठेवतात. माझ्या गप्प बसण्यामुळे."

चाचा उठले. फळीवरची वही काढली, मधलं पान फाडलं. चष्मा पुसला. पिंपाच्या कडेवर कागद ठेवून सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहू लागले. मध्येच एकदा थांबले, पुडीतले हिरवे तुकडे पुन्हा उजेडात धरले, आणि पुढे लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली.

कागद तिच्यापुढे धरला.

'सोबतची काच मी तपासली. ती सूर्यासमोर डोळ्याशी लावण्याच्या लायकीची नाही. अशी काच तापून तडकते. ती सदोष आहे. द. शिकलगार, मिरज.'

सुचेतानं दोनदा वाचलं. हवं होतं तेच होतं. शब्दन् शब्द.

"हे... हे तुम्ही मला का देताय?"

"मागितलंस म्हणून."

"पण मी आत्ता जे सांगितलं, त्यानंतरही हे खरं आहे?"

"काचेपुरतं खरं आहे."

तिनं कागदाची टोकं दोन्ही हातांत धरली. फाडायलाच निघाली होती.

"फाडू नकोस," चाचा म्हणाले. "खोटं नाही ते."

तिचे हात तसेच राहिले. मग तिनं कागदाची घडी घातली. आणखी एक घडी. पर्समध्ये ठेवला. चाचा पुन्हा पिंपापाशी गेले. भुकटीची चिमूट टाकली, पाणी शिंपडलं, वरची चकती बसवली. चार वेळा मागे-पुढे. एक पाऊल बाजूला.

काच घासल्याचा आवाज सुरू झाला. तिला वाटलं, आपण गेलो असतो तरी चाचांनी वर बघितलं नसतं.

"मंगळावर गेले असते ना, चाचा," ती एकदम म्हणाली, "तर तिथून ते गाव दिसलं नसतं. मला तेच हवं होतं."

चार वेळा मागे-पुढे.

"सोमवारी समितीला सगळं सांगितलं तर नोकरी जाईल. मंडळ जाईल. वाळवंट तर जाईलच. जाऊ दे. पण त्यानं अण्णांचा डोळा परत येणार आहे का?"

"नाही."

"त्यांचं दुकान?"

"नाही."

"त्यांना निदान राहूवर राग काढता येतो. मी खरं सांगितलं तर तेही जाईल. मग राहील काय त्यांच्याकडे?"

एक पाऊल बाजूला.

सुचेता उठली. साडी झटकली. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटं दाखवत होतं. जतकडे जाणारी एसटी पावणेपाचला सुटायची. तीन महिन्यांत तिनं ते वेळापत्रक दहा वेळा बघितलं होतं, आणि दहाही वेळा स्टँडवरून परत फिरली होती.

"चाचा, तुम्ही येता बरोबर?"

त्यांनी मान हलवली. नाही.

ती उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे थांबली.

"फोनवर सांगितलं तर चालेल ना?" तिनं पाठमोरंच विचारलं. "की आधी पत्र लिहू? समोर बसून... त्यांच्याकडे बघून नाही जमायचं मला."

काच घासल्याचा आवाज थांबला.

"त्याला तुझ्याकडे बघायला अजून एक डोळा आहे," दस्तगीरचाचा म्हणाले. "उजेड आहे तोवर जा."