पेशीचं दार

“पण बाहेरच्याला आत घ्यायचंच कशाला, सर?”

डॉ. विद्याधर होनपचा आवाज चढला होता. विषाणूंच्या संशोधनात त्याचं मोठं नाव होतं. घरी मात्र, चारुतानं परजातीत लग्न केल्यापासून, त्यानं लेकीशी बोलणं टाकलं होतं. आता तिला सातवा महिना. बाळंतपणाला येईन तर नवऱ्यासोबतच, असा तिचा निरोप आला होता.

भन्ते सुमेध विहाराच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. चीवर घेण्याआधी ते कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. होनप त्यांचा विद्यार्थी. अजूनही त्याच्या तोंडी ‘सर’च यायचं.

“पेशीला पटल कशाला असतं?” भन्तेंनी विचारलं.

होनप हसला. “बाहेरचं बाहेर ठेवायला. जिवाणूला तर त्यावर भिंतही असते.”

“आणि विषाणूला?”

“प्रथिनांचं कवच. बंद डबीच म्हणा ना.”

“मग तो खातो काय?”

“काहीच नाही. श्वासही घेत नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरेपर्यंत नुसता पडून असतो. तसा तो जिवंतच...”

होनप थांबला.

भन्ते शेंगा सोलत राहिले.

“घराला एक वळण असतं, सर. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं.”

“पेशीत ऊर्जा कोण तयार करतं?”

“तंतुकणिका.”

“ती मूळची घरचीच?”

होनपनं मान खाली घातली. हे तो स्वतः वर्गात शिकवायचा. “नाही. एके काळी ती म्हणजे बाहेरचा एक जिवाणू होता. पेशीनं गिळला, पण पचवला नाही. तिथंच राहिला...” मग एकदम उसळून म्हणाला, “पण आत आलेला प्रत्येक जिवाणू तसा निघत नाही! एखादा पेशीला मारतोही.”

“खरं आहे.”

भन्ते उठले. हात झटकले आणि तळवा होनपच्या नाकातोंडावर घट्ट दाबून धरला.

होनप गांगरला. गुदमरला. शेवटी त्यानं तो हात हिसडून बाजूला केला आणि छाती भरून श्वास घेतला.

“आत काय गेलं, ते तपासलंस?”

होनपच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धाप लागल्यामुळं की आणखी कशानं, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

त्यानं चपला घातल्या. पायऱ्या उतरला आणि पुन्हा वळला.

“जावई दारात उभा राहिला, की मी काय बोलू, सर?”

“‘आत या’ म्हण. पुढचं तो बोलेल.”